महाद्वार उघडणारे सानेगुरुजी आणि त्यांची धडपडणारी मुलं

वारकरी माउलींनो, दिंडीच्या शंभर वर्षांच्या या पुस्तकात साधुसंतांची चरित्रं तर आहेतच. विणेकऱ्यांच्या, चोपदारांच्या, टाळकऱ्यांच्या आठवणीही आहेत. त्या पंगतीत पांडुरंग सदाशिव साने हे नाव का, असं कुणी विचारील. ना त्यांचा फड होता, ना दिंडी. त्यांनी कीर्तनाची गादी चालवली नाही आणि कुणाला माळही घातली नाही. पण आज आपण पंढरीत पोचतो, चंद्रभागेत स्नान करून दर्शनबारीत उभे राहतो, आणि पुढच्याला वा मागच्याला कुणी जात विचारत नाही, त्याचं मोठं श्रेय या माणसाकडे जातं. त्यांच्या पाठीशी शेकडो तरुण पोरं-पोरी उभी होती. त्या पोरांची गोष्ट घरोघरी पोचली नाही. म्हणून हा लेख.

आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांतली पहिली वीस-बावीस वर्षं अशी गेली, की पायी चालून आलेल्या काही वारकऱ्यांना नामदेव पायरीपाशी, चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावं लागे. ऊन, पाऊस, धूळ आणि अभंग सगळ्यांचे सारखेच असत. देवाच्या दारात मात्र वाटणी होई. हे आपल्याच इतिहासातलं आहे, ते झाकून ठेवू नये.

पालगडचा श्याम पुण्यात येतो

गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा. गाव कोकणातलं, दापोलीजवळचं पालगड. वडील सदाशिवराव, आई यशोदा. घराणं एके काळी बरं नांदतं होतं, पण गुरुजींच्या लहानपणी दारिद्र्यानं घर गाठलं. आईनं या मुलाला काय दिलं, ते 'श्यामची आई' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दुसऱ्याचं दुःख पाहून डोळ्यांत पाणी यावं, कष्ट करणाऱ्याला हात द्यावा, झाडाचं पानसुद्धा उगाच तोडू नये, ही आईची शिकवण. शाळेची पायरी चढण्याआधीच ती या मुलाच्या अंगात भिनली होती.

दापोली, औंध असं करत करत हा मुलगा शिक्षणासाठी पुण्याला आला आणि नूतन मराठी विद्यालयात शिकू लागला. हातात पैसा नाही, जेवणाची शाश्वती नाही. 1917 साली आई गेली तेव्हाही मुलगा पुण्यातच होता, शेवटची भेट झाली नाही. ती रुखरुख त्यांना जन्मभर राहिली. 1918 ला मॅट्रिक झाले. मग न्यू पूना कॉलेजातून, म्हणजे आजच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातून, 1922 साली पदवीधर झाले. टिळक रस्त्यानं जाताना या कॉलेजाची इमारत दिसली, तर एक उपाशी, लाजरा कोकणी पोरगा इथे शिकून गेला हे मनात आणावं.

पुढे तत्त्वज्ञानाचा अभ्यास करायला ते खानदेशात अंमळनेरला गेले आणि 1924 मध्ये तिथल्याच शाळेत शिक्षक झाले. छात्रालयाची म्हणजे बोर्डिंगची जबाबदारी त्यांच्याकडे आली. खरे सानेगुरुजी इथेच घडले. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत. आजारी पोराच्या उशाशी रात्र रात्र बसत. कुणाचे कपडे मळलेले दिसले तर गुपचूप धुऊन ठेवत. 'छात्रालय' नावाचं दैनिक ते स्वतःच्या हातानं लिहून काढत, त्यात जगभरच्या गोष्टी असत. मोठ्यांची मनं जुन्या भांड्यासारखी असतात, त्यांना पोचे पडलेले असतात, लहानांच्या मनात मात्र अजून ओलावा असतो, हे त्यांनी शिक्षक म्हणून ओळखलं. म्हणून पुढे जन्मभर त्यांची सगळी भिस्त तरुणांवर राहिली. धडपडणारी मुलं हा त्यांचा आवडता शब्द, आणि त्याच नावाची एक कादंबरीही त्यांनी लिहिली.

तुरुंगातली पाठशाळा

1930 साली मिठाच्या सत्याग्रहाची हाक आली. गुरुजींनी शाळा सोडली आणि चळवळीत उडी घेतली. मग तुरुंगांमागून तुरुंग सुरू झाले. धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबाजींनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली. अठरा अध्यायांची अठरा प्रवचनं. ती लिहून घेणारा हात सानेगुरुजींचा. आज गावोगावच्या पारायणात 'गीताप्रवचने' वाचली जातात, ती आपल्यापर्यंत पोचली ती या लेखणीमुळे. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून झाली, तीही अवघ्या पाच दिवसांत.

त्याआधी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांना दक्षिणेकडचे कैदी भेटले. कुणी तमिळ, कुणी तेलुगू, कुणी मल्याळी. एकाच देशाची माणसं, एकाच कारणासाठी तुरुंगात आलेली, पण एकमेकांचं बोलणं कळत नाही. गुरुजींना याची लाज वाटली. नुसती लाज वाटून ते थांबले नाहीत. 'कुरल' हा तमिळ भाषेतला थोर ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. शेजाऱ्याशी नातं जोडायचं तर आधी शेजाऱ्याचं घर आतून पाहिलं पाहिजे, ही त्यांची रीत.

हीच रीत त्यांनी धर्माच्या बाबतीत पाळली. इस्लामी संस्कृतीवर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, ते त्यांच्या पश्चात छापून निघालं. अरबस्तानचं वाळवंट, तिथली माणसं, पैगंबरांचं जीवन, हे सगळं त्यांनी मराठी घरातल्या मुलाला समजेल अशा गोड भाषेत मांडलं. ज्या लेखणीनं गीता लिहून घेतली, त्याच लेखणीनं पैगंबरांची गोष्ट सांगितली. त्यात त्यांना काही अडचण वाटली नाही. शेकडो वर्षं आपण एकाच गावात राहतो, एकाच विहिरीचं पाणी पितो, आणि शेजारच्या आळीत नमाजात काय म्हणतात हे आपल्याला ठाऊक नसतं. त्यांनाही आपल्या हरिपाठात काय आहे हे ठाऊक नसतं. या न जाणण्याच्या अंधारात कुणीही येऊन काहीही सांगतं, आणि आपण ते खरं मानतो.

सोन्या मारुतीची घंटा

पुण्यातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. लक्ष्मी रस्त्यावर सोन्या मारुतीचं देऊळ आहे, आणि त्याच भागात तांबोळी मशीद. 1937 साली देवळातल्या घंटेवरून, वाजवण्यावरून वाद पेटला. सरकारनं बंदी घातली, बंदी मोडायला लोक गेले, धरपकड झाली, सगळं शहर तापलं. देव तोच, मारुतीराया. पण भक्तीपेक्षा हट्ट मोठा झाला होता.

सानेगुरुजींनी या प्रसंगाचंच नाव देऊन 'सोन्या मारुती' हे पुस्तक लिहिलं. त्यात एक तरुण मुलगा आहे, वसंता, आणि त्याच्याशी बोलणारे वेदपुरुष. गुरुजींनी मोठ्या पंडिताला नाही, एका तरुणालाच प्रश्न विचारायला लावले, हे ध्यानात घ्यावं. देव कशानं संतोषतो, घंटेच्या आवाजानं की भुकेल्याच्या पोटात पडलेल्या घासानं, या एका प्रश्नाभोवती त्यांचं सारं लिहिणं फिरतं. आपल्या संतांनीही दुसरं काय सांगितलं? नाथांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजलं, तिथंच त्यांना रामेश्वर पावला.

इथे मतभेद होतील. कुणी म्हणेल, आपल्या देवळात घंटा वाजवायला आपल्यालाच बंदी का? प्रश्न खोटा नाही. पण गुरुजींचं पाहणं असं, की हक्काचं भांडण जिंकूनही शेजार हरवला तर हाती काय उरतं? सण संपतो, मांडव उतरतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेजाऱ्याच्या दुकानात पान-सुपारी घ्यायला जावं लागतं.

सेवा दलाची पोरं

4 जून 1941 रोजी पुण्यात राष्ट्र सेवा दलाची नवी उभारणी झाली. एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये अशी मंडळी सोबत होती. संध्याकाळी मैदानावर शाखा भरे. खेळ, कवायत, गाणी, गोष्टी. शाखेत येताना जात विचारली जात नसे, धर्म विचारला जात नसे. मुली मुलांच्या बरोबरीनं येत, आणि त्या काळात हीसुद्धा मोठी गोष्ट होती. सानेगुरुजी या पोरांचे आवडते. ते आले की पोरं भोवती गोळा होत. गुरुजी बोलता बोलता रडत, आणि पोरंही रडत.

सेवा दलाची पद्धत फार साधी होती. एकत्र खेळायचं, एकत्र श्रमदान करायचं, एकत्र गाणी म्हणायची, एका पंगतीत जेवायचं. दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते एका पंगतीनं होतं. वारकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपला काला तरी काय आहे? सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र करायच्या आणि एकमेकांच्या तोंडात घास भरवायचा. संतांनी वाळवंटात जे केलं, तेच सेवा दलाच्या पोरांनी मैदानावर केलं.

1942 च्या चळवळीत गुरुजी भूमिगत झाले, 1943 मध्ये पकडले गेले आणि 1945 च्या सुरुवातीला सुटले. बाहेर आले तेव्हा देशाची हवा बदलली होती. 1946 साली कलकत्त्यात आणि नोआखालीत रक्ताचे पाट वाहिले. हिंदू-मुसलमान एकमेकांच्या जिवावर उठले. फाळणीची चाहूल लागली होती. गांधीजी म्हातारपणी अनवाणी नोआखालीच्या वाटेनं चालत होते. आपण इथे महाराष्ट्रात काय करायचं, हा प्रश्न गुरुजींना जाळू लागला.

पंढरीचं उपोषण

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पंढरपुरात शोधलं. वरवर पाहता हे नवल वाटतं. देशात हिंदू-मुसलमानांचा वणवा पेटलेला, आणि हे म्हणतात हरिजनांना विठ्ठलाचं मंदिर उघडा. पण त्यात मोठा अर्थ आहे. जो माणूस आपल्याच धर्माच्या, आपल्याच गावच्या भावाला देवाच्या दारातून हाकलतो, तो दुसऱ्या धर्माच्या माणसाला जवळ कसा घेईल? घरातली भिंत पाडल्याशिवाय गावातली भिंत पडत नाही. आणि अवघ्या महाराष्ट्राचं घर कुठलं, तर पंढरी.

1946 च्या कार्तिकी एकादशीच्या सुमारास त्यांनी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. सेनापती बापटांसारख्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आधी लोकांची मनं तयार करू, थोडा अवधी द्या. गुरुजींनी ते मानलं. मग सुरू झाला महाराष्ट्रभरचा दौरा. गुरुजी, सेनापती बापट, आणि सोबत सेवा दलाची पोरं-पोरी. गावात शिरायचं, डफ वाजवायचा, गाणी म्हणायची, मग गुरुजींनी बोलायचं. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखे तरुण सेवा दलाच्या कलापथकानं घडवलेले. जे काम व्याख्यानाला जमत नाही ते गाण्याला जमतं, हे भारुड करणाऱ्या नाथांनी आपल्याला आधीच शिकवलं आहे.

या दौऱ्यात गावोगावची देवळं उघडली, पाणवठे मोकळे झाले. कुठे स्वागत झालं, कुठे विरोध झाला. त्या पोरांची वयं किती, तर कुणी अठरा, कुणी वीस. घरून शिव्या बसत. बाटलास म्हणून आई रडे, बाप दार लावून घेई. तरी पोरं हटली नाहीत. धर्मग्रंथ त्यांनी किती वाचले होते कोण जाणे. पण ज्याच्यासोबत आपण खेळतो तो देवळाबाहेर का, या प्रश्नाला त्यांना उत्तर मिळत नव्हतं. आणि ज्याला उत्तर नाही ती रूढी आपण पाळायची नाही, इतका सरळ त्यांचा हिशेब होता.

1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झालं. विरोध इतका, की बसायला जागा मिळण्याची मारामार. अशा वेळी तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. हे नाव वारकऱ्यांनी विसरू नये. सगळा वारकरी समाज त्या वेळी मंदिर उघडण्याच्या बाजूचा नव्हता. मोठमोठे कीर्तनकार, फडकरी विरोधात होते. पण एका वारकरी महाराजानं दार उघडलं, आणि संप्रदायाची लाज राखली.

महात्मा गांधींना कुणी अपुरी माहिती दिली. त्यांची तार आली, की उपोषण थांबवा. ज्यांना गुरुजी देवासारखं मानत त्यांचीच ही आज्ञा. गुरुजींच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पण त्यांनी नम्रपणे कळवलं, की माझ्या अंतःकरणाचा आवाज मला थांबू देत नाही. आणि उपोषण चालूच राहिलं.

मुंबई प्रांताचं सरकार बाळासाहेब खेरांचं होतं. दादासाहेब मावळंकर, जे पुढे लोकसभेचे पहिले सभापती झाले, ते मध्यस्थीला आले. बडवे मंडळींशी बोलणी झाली. 10 मे 1947 रोजी मंदिर उघडण्याचं मान्य झालं आणि दहा दिवसांचं उपोषण सुटलं. स्वातंत्र्य यायला अजून तीन महिने होते. त्याच्या आधी विठोबा मोकळा झाला. पायरीपाशी उभ्या असलेल्या चोखोबांची शेकडो वर्षांची वाट पाहणी संपली.

इतर धर्मांच्या हातांत हात

आता पुढची गोष्ट ऐका, ती फार थोड्यांना ठाऊक असते. गुरुजींचे धुळे तुरुंगातले गुरुबंधू म्हणावेत असे विनोबा भूदानाच्या पदयात्रेत होते. त्यांचा एक नेम होता. जिथे आपल्यासोबतच्या सगळ्या धर्मांच्या माणसांना प्रवेश नाही, त्या देवळात ते जात नसत. 1953 साली वैद्यनाथधामला अशाच प्रसंगी त्यांना मारहाणही झाली होती. मे 1958 मध्ये त्यांची यात्रा पंढरपुरी आली. त्यांच्यासोबत मुस्लिम आणि ख्रिश्चन मुली-बाया होत्या. मंदिराच्या व्यवस्थापकांनी विनोबांना सगळ्यांसह दर्शनाला येण्याचं निमंत्रण दिलं. विनोबा सगळ्यांना घेऊन आत गेले. पांडुरंगापुढे उभे राहिले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

ज्या दाराशी 1947 मध्ये आपल्याच धर्माच्या माणसासाठी जीव पणाला लावावा लागला, त्याच दारातून अकरा वर्षांनी इतर धर्मांची माणसं सन्मानानं आत गेली. घरातली भिंत पडली की गावातली पडते, हे गुरुजींचं म्हणणं पांडुरंगानंच खरं करून दाखवलं. गुरुजी मात्र ते पाहायला नव्हते.

शेवटची वर्षं

30 जानेवारी 1948 रोजी गांधीजींचा खून झाला. मारणारा मराठी, पुण्याशी संबंध असलेला. गुरुजींना वाटलं, हे पाप आपलंही आहे. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. त्याच सुमारास महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरं जळत होती. एका द्वेषाला दुसऱ्या द्वेषानं उत्तर दिलं जात होतं. गुरुजींनी दोन्हींपुढे फक्त आपला देह ठेवला.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. पुढे ते पुण्यात आलं आणि आजही शनिवार पेठेतून निघतं. त्यात ते सुधा नावाच्या पुतणीला पत्रं लिहीत. झाडं, पाखरं, देशविदेश, देव, माणसं, सगळं त्या पत्रांत असे. म्हणजे शेवटपर्यंत त्यांचं बोलणं एका लहान मुलीशी, पुढच्या पिढीशीच चाललं होतं.

1949 साली पुण्यात आचार्य जावडेकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरलं. तिथे गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. देशातल्या निरनिराळ्या प्रांतांतल्या मुलांनी एकत्र राहावं, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांची गाणी म्हणावीत. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात पेरलेलं बी असं उगवलं. त्यासाठी पैसे जमवायला ते गावोगाव फिरले.

पण मन थकलं होतं. स्वातंत्र्य आलं, तरी गरिबाचं दुःख तसंच, द्वेष तसाच. इतकं हळवं मन इतकं सारं किती दिवस पेलणार? 11 जून 1950 रोजी त्यांनी आपल्याच हातानं जीवनयात्रा संपवली. वय अवघं पन्नास. हे लिहिताना हात जड होतो. पण हेही सांगितलं पाहिजे, की जगाला धीर देणाऱ्या माणसालासुद्धा कधी धीराची गरज असते. आपल्या दिंडीत, घरात, आळीत कुणी असा मनानं खचलेला दिसला, तर त्याच्याजवळ बसा, त्याला बोलतं करा. तीही विठ्ठलाचीच सेवा.

मागे काय राहिलं

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सिंहगड रस्त्यावर सानेगुरुजी स्मारक आहे, राष्ट्र सेवा दलाचं काम तिथून चालतं. हडपसरला त्यांच्या नावाचं रुग्णालय आहे. माउलींची आणि तुकोबांची पालखी पुण्यातून निघाल्यावर जिथे वाटा फुटतात, एक दिवेघाटाकडे आणि एक लोणीकडे, तेच हे हडपसर. पण खरं स्मारक दगडविटांचं नसतं.

कोकणातला हमीद दलवाई हा मुसलमान पोरगा सेवा दलाच्या संस्कारात वाढला. मोठेपणी त्यानं 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापलं आणि आपल्याच समाजातल्या बायकांच्या हक्कासाठी विरोध सोसला. 1977 साली तोही तरुणपणीच गेला. आपल्या घरातली भिंत आपणच पाडायची, हा धडा त्यानं गुरुजींच्या वाटेवरच गिरवला. गुरुजींनी हिंदूंच्या दाराशी उपोषण केलं, दलवाईंनी मुसलमानांच्या दाराशी प्रश्न विचारले. दुसऱ्याच्या घरातल्या चुका दाखवणं सोपं असतं, या दोघांनी अवघड काम केलं.

आणि वारीत हे सगळं नवं थोडंच आहे? श्रीगोंद्याचे शेख महंमद आपल्या संतमालिकेत आहेत. देहूहून तुकोबांची पालखी निघते तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तिथे अभंग होतो, मग पुढे वाटचाल. बारामतीकडच्या माळेगावच्या जैतुनबी महाराजांनी जन्मभर कीर्तन केलं, दिंडी चालवली. पालखी पुण्यात शिरते तेव्हा नाना पेठ, भवानी पेठेच्या वाटांवर मुस्लिम तरुण पाणी, फळं घेऊन उभे असतात. 29 जून 2023 ला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यातल्या अनेक गावांतल्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं आपणहून ठरवलं. कुणी जबरदस्ती केली नाही. शेजाऱ्याचा उपवास आहे, एवढं त्यांना पुरलं.

आपल्या पोरांना सांगायचं ते

माउलींनो, आता दिंडीत नवी पोरं येतात. खांद्यावर पताका असते आणि खिशात मोबाइल. त्या मोबाइलवर रोज कुणीतरी काहीतरी धाडतं, कुठल्या तरी गावात कुणी काय केलं, आणि रक्त तापवतं. खरं किती, खोटं किती, कळायला मार्ग नाही. सोन्या मारुतीच्या काळात निदान घंटा तरी खरी वाजत होती. आज न वाजलेल्या घंटेवरूनही दंगल होते.

म्हणून पोरांनो, गुरुजींच्या चरित्रातून तीन गोष्टी घ्या. पहिली, शेजाऱ्याचं घर आतून पाहा. ईदला जा, नाताळाला जा, त्यांना हरिपाठाला बोलवा. दुसरी, हातांना एकत्र काम द्या. पालखीच्या वाटेवरचा कचरा उचलायचा असो, पाण्याचे टँकर लावायचे असोत, आजारी वारकऱ्याला दवाखान्यात न्यायचं असो, दुसऱ्या धर्माच्या मित्राला बरोबर घ्या. तिसरी, आणि सगळ्यात अवघड, आधी आपल्या घरातली भिंत शोधा. आपल्या दिंडीत, आपल्या पंगतीत, आपल्या बोलण्यात कुणी अजून पायरीपाशी उभं आहे का, ते पाहा.

आणि वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. 1947 साली पोरांनी दार ठोठावलं तेव्हा बरीच मोठी माणसं दाराला पाठ लावून उभी होती. तनपुरे महाराजांनी मठ उघडला. पुढच्या वेळी पोरं आपल्या दाराशी येतील, तेव्हा आपण कुणाच्या बाजूला उभे असू, हे प्रत्येकानं पांडुरंगाला साक्ष ठेवून ठरवावं.

चंद्रभागा सगळ्यांचे पाय सारखेच धुते. दिंडीची दुसरी शंभर वर्षं त्या पाण्यासारखी जावोत, हीच विठ्ठलचरणी प्रार्थना.

रामकृष्णहरी.